सरासरीने काढलेलं येणं

अनुदानाची पात्रता ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करताना ऑस्ट्रेलियातल्या ‘रोबोडेट’चं, म्हणजे जादा दिलेला भत्ता परत वसूल करायला तिथल्या सरकारने वापरलेल्या स्वयंचलित यंत्रणेचं, गणित माझ्या डोक्यातून जात नाही. वर्षाच्या कमाईला २६ने भागायचं आणि दर दोन आठवड्यांना तेवढेच पैसे मिळाले असं धरायचं. मग जो सहा महिने बेकार होता, तेव्हाच भत्ता घेत होता, तो कागदावर कमावता ठरतो आणि त्याच्या नावावर सरकारचं येणं निघतं. ते खोटं आहे हे दाखवायचं त्यानेच, जुन्या पगाराच्या स्लिपा शोधून! असं येणं कायद्यात बसत नाही, हे २०१९मध्ये सरकारला न्यायालयात मान्य करावं लागलं.

वेग मलाही हवाय. मंजुरी मिनिटात व्हावी. नामंजुरी मात्र माणसाने वाचल्याशिवाय जाऊ नये. काल एक नमुना पत्र मी परत पाठवलं. कारणाच्या रकान्यात नुसतं ‘कोड १४’ होतं.