आमची वाटचाल : झटका मशीन, तार आणि काळी माती

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात आमचं युनिट आहे आणि इथं एकच वस्तू बनते : सौर ऊर्जेवर चालणारं, वावराच्या कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणारं झटका मशीन. सोयाबीन उगवल्यापासून हरभरा घरी येईपर्यंत रानडुक्कर आणि रोह्यांपायी (म्हणजे नीलगायींपायी) वावरात जागल करावी लागते, हे विदर्भात कोणाला सांगायला नको. काही जण थेट २३० व्होल्टची लाइन तारेत सोडतात. त्यात माणसं मेली, वाघ मेले, आणि तो गुन्हाही आहे. तारेला हात लागलेला माणूस घरी परत आला पाहिजे आणि डुक्कर मागे फिरलं पाहिजे, एवढ्यासाठी हा धंदा उभा केला.

घरगुती ५० हर्ट्झची वीज सतत वाहते. स्नायू आवळले जातात, हात सुटत नाही आणि हृदयाची लय बिघडते. झटका मशीनमध्ये व्होल्ट हजारोंनी असतात, पण एक ठोका एका मिलिसेकंदाच्याही आत संपतो आणि पुढचा ठोका सेकंदाहून उशिरा येतो. तेवढ्या वेळात जनावर अंग काढून घेतं. आयईसी ६०३३५-२-७६ हे या यंत्रांचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यात दोन ठोक्यांमध्ये किमान १ सेकंद आणि ५०० ओहमच्या लोडवर (म्हणजे तारेला तेवढा रोध जोडून) एका ठोक्याला जास्तीत जास्त ५ ज्यूल ऊर्जा अशी मर्यादा आहे. आमचं मशीन दर १.२ सेकंदाला ठोका देतं आणि त्या मर्यादेच्या बरंच खाली राहतं.

सुरुवातीच्या सर्किटमध्ये १२ व्होल्टचा इन्व्हर्टर, ४०० व्होल्टपर्यंत भरणारा कॅपॅसिटर (वीज साठवणारा भाग), एससीआर (ती एकदम सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि मोटारसायकलची इग्निशन कॉइल होती. टेबलावर ठिणगी झकास पडायची. वावरात अर्धा किलोमीटर तार जोडली की दम संपायचा. इग्निशन कॉइल स्पार्क प्लगच्या बारीक फटीसाठी केलेली असते, तिच्यातून पुढे जाणारी ऊर्जा थोडी. गवताची चार पाती तारेला टेकली की व्होल्टेज कोसळतं. मोकळ्या तारेवरचे व्होल्ट पाहून मशीन विकत घेऊ नका असं आम्ही गिऱ्हाइकाला आजही सांगतो. लोड लावल्यावर किती उरतात, ते विचारा.

म्हणून ठोक्याचं व्होल्टेज वाढवणारा पल्स ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायला घेतला. आता १६ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ४८० व्होल्टपर्यंत भरतो. साठलेली ऊर्जा अर्धा गुणिले कॅपॅसिटरची क्षमता गुणिले व्होल्टचा वर्ग, म्हणजे १.८४ ज्यूल. प्रायमरी (आत येणाऱ्या विजेची गुंडाळी) ४५ वेढे, सेकंडरी (बाहेर जाणाऱ्या विजेची) ८१०, म्हणून मोकळ्या तारेवर साधारण साडेआठ हजार व्होल्ट. सेकंडरी एकाच खान्यात गुंडाळली तर वरचा आणि खालचा थर शेजारी येतो आणि तिथंच आतल्या आत ठिणगी फुटते. चार खान्यांचा बॉबिन (तार गुंडाळायची रीळ) घेतला की प्रत्येक खान्याला जेमतेम २,१५० व्होल्ट येतात. इपॉक्सी (ओतल्यावर घट्ट होणारी राळ) ओतताना बुडबुडा राहिला तर पावसाळ्याच्या दमटपणात तो जळत जातो आणि दोन-तीन महिन्यांनी ट्रान्सफॉर्मर गेला म्हणून मशीन परत येतं. त्यामुळे ओतण्याआधी इपॉक्सी व्हॅक्यूममध्ये ठेवून हवा काढणं आम्ही कधी टाळत नाही.

कॅपॅसिटर पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा, ६३० व्होल्टचा. इलेक्ट्रोलिटिक स्वस्त पडतो, पण डिस्चार्जच्या शेवटी व्होल्टेज उलट्या दिशेला झोका घेतं. इलेक्ट्रोलिटिकला तो उलटा झोका सोसत नाही आणि अंतर्गत रोधामुळे तो तापतो तो वेगळाच. एससीआर १२०० व्होल्टचा घेतो. ४८० व्होल्टच्या कामाला ६०० चा चालेल असं कागदावर दिसतं, पण वीज कडाडली की तारेतून उलट आलेला धक्का तोच भाग आधी खातो.

सुरक्षेचा एक निर्णय मात्र आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ठोक्याची वेळ ठरवणाऱ्या टायमरचा आयसी (चिप) बिघडला तर ठोके भराभर पडू लागतील का? इन्व्हर्टरची ताकदच आम्ही पावणेदोन वॉटच्या आसपास बांधून ठेवली आहे. कॅपॅसिटर पूर्ण भरायला त्याला एक सेकंद लागतोच. टायमर घाईवर आला तरी कॅपॅसिटर अर्धवट भरलेला असतो आणि ठोका तेवढाच कमजोर होतो.

बॅटरीचा हिशोब असा. इन्व्हर्टरची गळती धरून मशीन सुमारे २.३ वॉट घेतं, म्हणजे २४ तासांत साडेचार ॲम्पिअर-तास. ७ ॲम्पिअर-तासाची बॅटरी दिली तर श्रावणातली तीन दिवसांची झड तिला रिकामी करते, आणि लेड-ॲसिड बॅटरी रिकामी पडून राहिली की पुन्हा पूर्ण भरत नाही. तीन दिवसांचे साडेतेरा आणि निम्मी बॅटरी राखून, असे २७ ॲम्पिअर-तास येतात. पॅनेल ४० वॉटचं. उन्हाळ्यात ते जास्तीचं वाटतं, झडीत पुरतं. पेटी पॅनेलच्या सावलीत, उत्तरेच्या बाजूला लावायची. पारा ४५ च्या वर गेला की उन्हातली लोखंडी पेटी आतून फार तापते, आणि तापमानात दर १० अंशांच्या वाढीला लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य जवळपास निम्मं होतं.

इतकं सगळं जमूनही तक्रारी येतच राहिल्या, त्याही बहुतेक मार्च ते मेच्या. मशीन टेबलावर ठणठणीत, वावरात डुक्कर तारेखालून आरामात आत. कारण काळ्या मातीत होतं. झटका बसायला वर्तुळ पूर्ण व्हावं लागतं : तार, जनावर, जमीन, अर्थिंगचा रॉड आणि परत मशीन. पाऊस संपला की आपली काळी माती आक्रसते, भेगा पडतात आणि रॉडभोवती बोट जाईल एवढी फट होते. रॉड दिसायला जमिनीत, प्रत्यक्षात हवेत उभा.

तपासायची रीत सोपी आहे. मशीनपासून शंभर मीटरवर तारेला दोन-तीन लोखंडी सळ्या टेकवून त्या जमिनीत रोवा, म्हणजे तारेवरचं व्होल्टेज २,००० च्या खाली येईल. मग अर्थिंगचा रॉड आणि त्यापासून मीटरभर लांबची जमीन यांच्यात फेन्स मीटरने (कुंपणाचं व्होल्टेज मोजायचं यंत्र) मोजा. ३०० व्होल्टच्या वर आले तर अर्थिंग अपुरं आहे, आणखी रॉड ठोका. आम्ही निदान तीन रॉड देतो, एकमेकांपासून ३ मीटरवर, कारण जवळजवळ ठोकलेले रॉड तीच माती वाटून घेतात. जागा विहिरीच्या किंवा नाल्याच्या ओलीजवळची. मोटारपंपाच्या अर्थिंगपासून मात्र १० मीटर दूर. भोवती मीठ टाकू नका, ते जस्ताचा थर खातं. कोळशाचा चुरा भरा, तो आक्रसत नाही, आणि उन्हाळाभर अधूनमधून दोन बादल्या पाणी घाला. रॉड जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) असेल तर तांब्याची वायर थेट पिळू नका. ओलीत दोन धातूंच्या सांध्यावर जस्त झिजतं.

ज्या धुऱ्याजवळ ओल मिळत नाही तिथं तारा आलटून-पालटून जोडतो : ८ इंचावर झटक्याची, १४ वर अर्थिंगची, २० वर पुन्हा झटक्याची. डुक्कर दोन तारांमध्ये मुसंडी घालतं तेव्हा जमीन कोरडी असली तरी वर्तुळ पूर्ण होतं. रोह्यांसाठी वर ३ आणि साडेचार फुटांवर आणखी दोन. तार २ मिलिमीटर जीआय. क्लच वायर ओढायला सोपी, पण लांब कुंपणाला रोध जास्त. खालच्या तारेखालचं गवत ऑगस्टमध्ये दर पंधरवड्याला कापावंच लागतं. तारेच्या शेवटच्या टोकाला ४,००० व्होल्ट राहिले तर डुक्कर मागे फिरतं. त्याहून खूप कमी झाले तर राठ केसांतून झटका आत पोचत नाही.

दुरुस्तीला आलेल्या मशीनवर आधी ५०० ओहमचा लोड लावतो, तोही वायर गुंडाळलेला नाही, कारण त्याचं इंडक्टन्स आकडा फसवतं. ४,००० च्या वर व्होल्ट मिळाले तर पेटी उघडत नाही. शेतकऱ्याच्या गाडीवर बसून वावरात जातो. सोबत फेन्स मीटर, सब्बल, कोळशाच्या चुऱ्याचं पोतं आणि दोन जास्तीचे रॉड असतात.