एका बोटाचं दुखणं

सप्टेंबर २०२३ मधला रविवार. डोंबिवलीत रात्रभर पाऊस झाला होता. माझा २४ किलोमीटरचा लाँग रन सतराव्या किलोमीटरला संपला. उजव्या नडगीच्या आतल्या अंगाला, घोट्याच्या थोडं वर, कुणी दाभण टोचावं तसं दुखायला लागलं. रिक्षा करून घरी आले आणि सोफ्यावर बसून रडले, कारण जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनचे पैसे भरून झाले होते आणि वयाची ४६ वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच मी पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावायचं ठरवलं होतं.

पहिल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. तो स्वच्छ आला. "या वयात हे कशाला? चालायला जात जा," म्हणाले. मी आठवडाभर विश्रांती घेतली आणि वेदनाशामक गोळी खाऊन पुन्हा धावले. संपूर्ण प्रवासात माझी स्वतःची म्हणावी अशी चूक हीच. हाडाला बारीक तडा गेला असेल तर सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत तो एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. गोळीने दुखणं झाकलं गेलं, तडा होता तिथेच राहिला.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी रिपोर्ट बघितलेच नाहीत. "कुठे दुखतं ते दाखवा," एवढंच म्हणाले. मी तर्जनी नेमकी त्या जागेवर ठेवली. त्यांनी तिथेच अंगठ्याने दाबलं आणि मी खुर्चीतून उठले. "हाताचा पंजा फिरवून दाखवलं असतंत तर शिन स्प्लिंट, म्हणजे नडगीभर पसरलेलं साधं दुखणं, म्हणून सोडून दिलं असतं. एका बोटाने दाखवता येणारं दुखणं मात्र सोडायचं नाही," ते म्हणाले. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे तोच हाडाचा बारीक तडा.

मग त्यांनी पाळीबद्दल विचारलं. नडगीचा आणि पाळीचा काय संबंध, असं वाटलं. पण गेलं वर्षभर रक्तस्राव फार वाढला होता, जिना चढताना धाप लागत होती, आणि बँक, स्वयंपाक, पहाटेची धाव यांचा हा थकवा असणार असं मी धरून चालले होते. तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ आलं, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, अवघं ८. ड जीवनसत्त्वही कमी. वर मी उपाशीपोटी धावायचे, आल्यावर चहा-बिस्किटावर डबे भरायचे. शरीराला खर्चापेक्षा कमी मिळत राहिलं की हाडांची रोजची डागडुजी मागे पडते, हे डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून समजावलं. माझ्या वयाच्या प्रत्येक धावणाऱ्या बाईने वर्षातून एकदा फेरिटिन तपासावं, असं मी तेव्हापासून भेटेल तिला सांगते.

आठ आठवडे धावणं बंद. लोहाची गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर, आणि तिच्या आगेमागे तास-दीड तास चहा नाही. हे मला धावणं सोडण्याइतकंच जड गेलं. सासूबाई हळिवाचे लाडू करून डब्यात भरून ठेवायच्या. धावण्याला त्यांचा विरोध होता, पण लाडू कधी संपू दिले नाहीत. फिजिओने पोहण्याच्या तलावात कमरेला पट्टा बांधून खोल पाण्यात पळायला लावलं.

२१ जानेवारी २०२४ ला मी पेडर रोडच्या चढावर उभी होते, संत्र्याच्या फोडी वाटत. लोक माझ्या हातातली फोड घेऊन पुढे जात होते आणि मला त्या प्रत्येकाचा हेवा वाटत होता.

मार्चमध्ये पुन्हा सुरुवात केली. एक मिनिट धाव, चार मिनिटं चाल. अमेरिकेचे ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही धाव-चाल पद्धत जगभर नेली. दमल्यावर चालायचं नसतं, दमण्याआधी चालायचं असतं, हा तिचा गाभा. मला ते पटायला वेळ लागला. डिसेंबरपर्यंत चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल इथवर आले. हिमोग्लोबिन १२.६ झालं होतं.

१९ जानेवारी २०२५. मध्य रेल्वेच्या पहाटेच्या खास लोकलने सीएसएमटी गाठलं. पाच वाजता निघालो. पहिल्याच किलोमीटरला मी चालायला लागले तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, आत्ताच?" मी हात हलवला आणि माझं मिनिट पूर्ण केलं. सी लिंकवर उजाडलं. शिवाजी पार्कपाशी एका काकूंनी तळहातावर मीठ ठेवलं, "चाटा आणि पाणी प्या," अशा आवाजात म्हणाल्या की नाही म्हणायची सोयच नव्हती.

हाजी अलीच्या जरा अलीकडे उजव्या पोटरीत गोळा आला. पाय खाली टेकवेना. दुभाजकाला धरून उभी राहिले आणि घाम फुटला तो उन्हाने नाही, भीतीने. तोच पाय. तिथेच रस्त्यावर बसले, मोजा खाली केला आणि त्या जागेवर अंगठा दाबला. जोरात दाबला. काही नाही. थोडं वर, थोडं खाली, हाडाच्या कडेकडेने बोट फिरवत गेले. हाड गप्प होतं. मागची पोटरी मात्र दगडासारखी झाली होती, आणि ती कुठे दुखते हे बोटाने दाखवता येत नव्हतं. ते दुखणं हाताचा पंजा फिरवून दाखवायचं होतं. एका मुलाने पाय सरळ करून चवडा माझ्याकडे ढकलून धरला, गोळा हळूहळू उतरला. अंगठ्याने काही सांगितलं असतं तर मी तिथेच थांबणार होते. टॅक्सीचे पैसे पट्ट्यात ठेवलेले होते.

पेडर रोडचा चढ सगळा चालत चढले. लता मंगेशकरांच्या प्रभुकुंजवरून पुढे गेले की गेल्या वर्षीची माझी जागा. तिथे यंदा एक शाळकरी मुलगी चिक्की वाटत होती. मी दोन तुकडे घेतले. मरीन ड्राइव्हवर ऊन थेट डोक्यावर, आणि माझी चार मिनिटं दोनवर आली होती. हुतात्मा चौक मागे पडला तेव्हा आकडे बघणं सोडून दिलं. शर्यत संपली तेव्हा घड्याळात ६ तास ११ मिनिटं.

परतीच्या लोकलमध्ये लेकीने माझा पाय मांडीवर घेतला. "आई, कुठे दुखतंय?" मी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सबंध तळहात फिरवला. तिला डॉक्टरांचं बोलणं पाठ होतं. ती हसली आणि खिडकीशी टेकून झोपली. डोंबिवलीला पुलाचा जिना मी कठड्याला धरून, आडवी होत, एकेक पायरी उतरले.