मुंबई ते लंडन नक्की किती तास?

आईचं तिकीट काढून फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि दोन मिनिटांत तिचा फोन. "अरे, दुपारी दीडला मुंबईतून निघायचं आणि पावणेसातला लंडन? सव्वापाच तासच? साताऱ्याहून विमानतळावर पोचायलाच तेवढे लागतात!" मग तिने परतीचं बघितलं, रात्री नऊला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाला मुंबई. "येताना सव्वातेरा तास? लांबच्या रस्त्याने आणतात का?"

खरं तर बरोब्बर उलटं आहे. तिकिटावर जिथली तिथली वेळ छापतात, आणि उन्हाळ्यात इथलं, म्हणजे लंडनचं, घड्याळ आपल्या भारतातल्या घड्याळाच्या साडेचार तास मागे असतं (ऑक्टोबरच्या शेवटी साडेपाच होतं). म्हणजे जाताना पावणेदहा तास, येताना पावणेनऊच.

यावर बाबांचा लगेच आक्षेप, की पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणजे लंडनच आपल्याकडे सरकत येतं, मग जाताना कमी वेळ लागायला हवा ना? बाबा, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरते हो. खरी भानगड जेट स्ट्रीमची. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात कधीकधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर, तो येताना पाठीमागून ढकलतो आणि जाताना तोंडावर. सीटसमोरच्या नकाशावर ग्राउंड स्पीड दाखवतात तो बघा, जाताना आणि येतानाचा आकडा वेगळा दिसतो.

अंतर म्हणाल तर साधारण ७,२०० किलोमीटर, विमान ताशी ९०० ने गेलं तर आठच तास व्हायला हवेत. पण हे अंतर पृथ्वीच्या गोळ्यावर दोरी ताणून मोजलेलं, आणि ती दोरी जाते कुठून तर पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कॅस्पियन समुद्र, रशिया, युक्रेन, पोलंड! युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद. पाकिस्तानने २०१९ मध्ये बालाकोटनंतर काही महिने बंद ठेवलं होतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये आपल्या विमानांना परत बंद केलं, मग ती आधी अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूला जाऊन वर वळायला लागली. आता सांगा, ७,२०० चा काय उपयोग.

तक्रार नाही हां, जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं पहिलं विमान लंडनला गेलं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत थांबत.

शेवटी मी आईला घरापासूनचा हिशोब दिला. पहाटे चारला सातारा सोडायचं, घाटात ट्रॅफिक धरून साडेदहापर्यंत सहारला, तीन तास आधी, मग विमान, मग इमिग्रेशनची रांग, बॅगा, आणि हीथ्रोहून रेडिंगला आमच्या घरी रात्रीचे नऊ. दार ते दार साडेएकवीस तास, त्यातले हवेत निम्म्याहून कमी.

आली एकदाची. विमान लंडनवर येऊन वीसेक मिनिटं गोल गोल फिरत होतं, हीथ्रोला गर्दी असली की चार ठरलेल्या जागी विमानं अशी एकावर एक घिरट्या घालत नंबर लागायची वाट बघतात. हे मी तिला सांगायचं विसरलो होतो. बाहेर आल्या आल्या पहिलं वाक्य, "तुझ्या हिशोबात हे नव्हतं, मला वाटलं पायलट रस्ता चुकला, शेजारच्या बाईला विचारलं तर ती झोपलेली."