तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाइल असताना फोटोग्राफर कशाला?

हा प्रश्न मला बहुतेक वेळा जेवणाच्या रांगेत विचारला जातो. हातात प्लेट, समोर गरम जिलबी, आणि शेजारचे काका अगदी आपुलकीने म्हणतात, "ताई, राग मानू नका, पण आता सगळ्यांकडे इतके भारी मोबाइल आहेत. मग तुम्हाला बोलावतात तरी कशाला?" राग कसला मानायचा? प्रश्न रास्त आहे. मी नाशिकमध्ये क्लबांचे पदग्रहण सोहळे, मदतनिधीचे कार्यक्रम, सत्कार, शिबिरं, वाटपं यांचे फोटो काढते. व्यासपीठासमोर पोहोचते तेव्हा तिथे आधीच मोबाइलची भिंत उभी असते. तरी मला बोलावतात, आणि पैसे देऊन बोलावतात.

खरं सांगायचं तर माझं निम्मं काम फोटो काढण्याचं नाही, माणसं उभी करण्याचं आहे.

जुलै घ्या. रोटरी आणि लायन्स हे समाजसेवेचे क्लब, दोघांचंही वर्ष 1 जुलैला सुरू होतं. त्यामुळे बाहेर पाऊस कोसळत असतो आणि आत गंजमाळच्या हॉलपासून गंगापूर रोडच्या लॉन्सपर्यंत सगळीकडे नवे अध्यक्ष कॉलर, म्हणजे अध्यक्षपदाचा गळ्यातला पट्टा, घालून घेत असतात. रोटरीच्या 3030 या प्रांतात नाशिकपासून नागपूरपर्यंतचे क्लब येतात, म्हणजे प्रांतपाल कधी कधी थेट विदर्भातून आलेले असतात आणि त्यांचा एक डोळा परतीच्या गाडीवर असतो. मावळत्या अध्यक्षांनी आपली कॉलर काढून नव्याच्या गळ्यात घालायची, हा त्या संध्याकाळचा एकमेव फोटो. बाकी सगळे भरतीचे. आणि नेमकी तेव्हाच ती कॉलर चष्म्याच्या काडीत अडकते. मावळते अध्यक्ष ती सोडवतात, नवे अध्यक्ष मान खाली घालतात, मागचे टाळ्या वाजवून मोकळे होतात. मोबाइलवाल्यांना मिळतं ते नव्या अध्यक्षांचं टक्कल. मी अशा वेळी मोठ्याने म्हणते, "सर, कॉलर तशीच धरून ठेवा, दोघंही इकडे." आणि दोघं थांबतात. सगळं व्यासपीठ थांबतं.

हे "थांबा" म्हणण्याचं काम घरच्या माणसाला जमत नाही. क्लबमधल्याच कुणी म्हटलं, "भाऊसाहेब, जरा मागे सरका," की भाऊसाहेबांच्या मनात वर्षभर राहतं की आपल्याला मागे सारलं. मी म्हटलं तर ते निमूट सरकतात, कारण माझ्या सांगण्यात राजकारण नसतं. मला फक्त बॅनरवरचं क्लबचं नाव दिसायला हवं असतं. एका सचिवांनी मला सरळच सांगून ठेवलंय की वाईटपणा तुम्ही घ्या, तो तुमच्या बिलात धरलाय.

दीपप्रज्वलन हा आमचा कायमचा परीक्षेचा पेपर. समई एक, वाती पाच, पाहुणे सात. एसीच्या झोतात वात धरत नाही, मेणबत्ती विझते, कुणीतरी काडेपेटी शोधायला पळतं. तोवर सगळ्यांची तोंडं समईकडे वळलेली आणि कॅमेऱ्याकडे पाठी. म्हणून माझ्या बॅगेत बॅटऱ्यांशेजारी कापराची डबी असते. कार्यक्रमाआधी प्रत्येक वातीच्या टोकाला कापराचा चुरा लावून ठेवला की वात पटकन पेटते. मग मी समईच्या मागे, भिंतीला चिकटून उभी राहते. समोर उभं राहिलं की पाठी मिळतात, मागे राहिलं की ज्योत आणि चेहरे. समोरचे मोबाइलवाले ओरडतात, "मॅडम, तुम्ही मध्ये येताय!" येते खरी. पण दुसऱ्या दिवशी फोटो मागायला तेच येतात.

आता प्रकाशाचं थोडं, कारण काकांचा खरा मुद्दा मोबाइलच्या कॅमेऱ्याचा असतो. उजेडात मोबाइल उत्तम, त्यात वाद नाही. पण हल्ली लग्नाच्या हॉलपासून क्लबच्या कार्यक्रमापर्यंत सगळीकडे व्यासपीठामागे एलईडीची भिंत लावायची फॅशन आली आहे. मोबाइल त्या झगझगीत भिंतीचा उजेड प्रमाण मानतो आणि पुढची माणसं काळीठिक्कर होतात. भरीला फोटोत आडवे काळे पट्टे. आपली वीज 50 हर्ट्‌झची, भिंतीची लुकलुक तिची स्वतःची. शटर 1/100 सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेवलं की पट्टे बहुधा जातात, आणि चेहऱ्यांसाठी फ्लॅश छतावर आपटून घ्यायचा. छत काळं असलं की तेही गेलं. मग ऑपरेटरला जाऊन विनवायचं, "दादा, भिंतीचा उजेड अर्धा करा ना दोन मिनिटं." हे दोन मिनिटांचं विनवणं कुठल्याच मोबाइलमध्ये येत नाही.

मोठा चेक हा आणखी एक प्रकार. पैसे आधीच खात्यातून खात्यात गेलेले असतात, पण त्याचा फोटो कसा काढणार? म्हणून सनबोर्डवर छापलेला दाराएवढा चेक. त्यावर लॅमिनेशन, त्यामुळे फ्लॅश मारला की नेमकी रक्कमच पांढरी होते. वरची कड दोन बोटं पुढे झुकवली की चकाकी खाली जमिनीवर पडते. हे सांगायला सोपं, पण चेक धरलेल्या आठ जणांकडून एकाच वेळी करून घ्या बरं! टोकाच्या दोघांचा तर चेकला फक्त करंगळीचा स्पर्श असतो. पण तेवढ्या स्पर्शासाठी ते अर्धा हॉल ओलांडून आलेले असतात, त्यांना कापून कसं चालेल?

कालिदास कलामंदिरात मदतनिधीसाठी नाटकाचा किंवा जुन्या गाण्यांचा प्रयोग असतो तेव्हा चेक मध्यंतरात द्यायचा असा रिवाज आहे. देणगीदार व्यासपीठावर, आणि प्रेक्षक बाहेर वड्याच्या रांगेत. व्यासपीठावरून समोरचा फोटो काढला तर रिकाम्या खुर्च्या. भरल्या सभागृहाचा फोटो मी म्हणूनच पडदा उघडायच्या आधी, तिसऱ्या घंटेला काढून ठेवते.

मग येतो पेपर. 'गावकरी', 'देशदूत' वाचत मोठी झालेली पिढी अजूनही सकाळी चष्मा लावून शहराचं पान उघडते, आणि त्या पानावरचा दोन कॉलमी फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दोनशे फोटोंना भारी असतो. दोन कॉलमात चौदा माणसं बसवली की चेहरे तांदळाएवढे होतात. म्हणून मी पेपरसाठी वेगळा, सहा-सात जणांचा फोटो काढते. कोण सहा, हे मात्र मी ठरवत नाही. ती यादी आधी लिहून घेते, शक्यतो अध्यक्षांच्याच अक्षरात. खाली "डावीकडून" अशी नावं द्यायची असतात. फोटो पान सुटायच्या आत पोहोचायला हवा, म्हणजे आभारप्रदर्शन चालू असताना मी कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन नावं जुळवत बसलेली असते. फोटो चुकला तर लोक सोडून देतात. नावाच्या आधीचं "डॉ." गळलं तर फोन येतो.

काही ठिकाणी मोबाइलच जिंकतो, तेही सांगायला हवं. सातपूर-अंबडच्या कंपन्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतल्या शाळांना टीव्ही देतात, स्वच्छतागृहं बांधून देतात. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के अशा कामांवर खर्चावे लागतात आणि त्याचा अहवाल द्यावा लागतो. अहवालासाठी बऱ्याचदा तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटलेला फोटो मागतात. ते काम मोबाइलवरचं जीपीएस कॅमेऱ्याचं अ‍ॅप फुकटात करतं. तिथे मी स्वतःच मोबाइल काढते.

पण माझ्या मते फोटोग्राफर लागतो त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे काय काढायचं नाही, हे कुणीतरी ठरवावं लागतं. हे रांगेतल्या काकांना सहसा पटत नाही.

साधं उदाहरण वाइनचं. नाशिकला द्राक्षबागेत मदतनिधीची जेवणं होतात. डॉक्टर असतात, मुख्याध्यापक असतात, कुणी उद्या निवडणुकीला उभं राहणार असतं. "ग्रुप फोटो!" म्हटलं की सगळ्यांचे उजवे हात एकदम पाठीमागे जातात. मी तो अर्धा क्षण जाऊ देते. एकदा तर एका मॅडमनी आपला ग्लास माझ्याच कॅमेऱ्याच्या बॅगेवर ठेवला आणि हसऱ्या चेहऱ्याने रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तोपर्यंत कुणाच्या तरी मोबाइलमधून ग्लासासकट फोटो तीन ग्रुपवर पोहोचलेला होता.

हे हसण्यावारी नेता येतं. बालगृहातलं नेता येत नाही. बाल न्याय कायदा, 2015 चं कलम 74 सांगतं की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, फोटो माध्यमांतून प्रसिद्ध करायचा नाही. तरी दिवाळीचा फराळ घेऊन गेलेली पाहुणे मंडळी मुलांना जवळ ओढून सेल्फी घेतात. त्यांच्या मनात वाईट काही नसतं. मी जाताना कार्यकारिणीला आधीच सांगते की मुलं पाठमोरी येतील, हात येतील, करंजीचा डबा येईल, चेहरे येणार नाहीत. "मग फराळ पोहोचला हे कळणार कसं?" असं विचारणारे भेटतात. संस्थेच्या पावतीवरून कळेल की! वर्षामागून वर्षं मोठी होणारी त्यातली एखादी मुलगी उद्या कॉलेज रोडला शिकायला येईल, तेव्हा तिचा तो फोटो कुणाच्या तरी फेसबुकवर "अनाथ बालकांसोबत दिवाळी" म्हणून का राहावा?

ब्लँकेटवाटपाचंही तसंच. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा एक आकडी होतो आणि रात्री गोदाघाटावर ब्लँकेटं घेऊन गाड्या येतात. ब्लँकेट एक, त्याला धरलेले हात सहा, आणि मध्ये झोपेतून उठवलेली म्हातारी. तिला कुणी विचारलेलं नसतं. मी विचारते, "आजी, फोटो काढू का?" बऱ्याच जणी हो म्हणतात. एक आजी म्हणाली होती, "आधी पांघरू दे, मग काढ." मी थांबले. देणारे गाडीकडे निघूनही गेले होते. तो फोटो क्लबच्या उपयोगाचा नव्हता, कारण त्यात क्लबचं कुणीच नव्हतं. पण आजींनी पदर सारखा करून, नीट बसून काढून घेतला.

या जिल्ह्यात फोटो काढणाऱ्याचं कौतुक करताना वक्ते हटकून दादासाहेब फाळक्यांवर येतात. त्यांचा जन्म 1870 मध्ये त्र्यंबकेश्वरचा, आणि सिनेमाआधी त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला होता. पुढे बडोद्यात तो चालला नाही, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो अशी अफवा होती, असं सांगतात. आता फोटो न काढल्यामुळे शक्ती गेलेली माणसं मला दर आठवड्याला भेटतात.

पैशाचं थोडक्यात. "आमचा समाजसेवेचा कार्यक्रम आहे, तुम्हीही थोडी सेवा समजा," हे वाक्य मंडपवाल्याला कुणी म्हणत नाही, केटररला म्हणत नाही, मलाच म्हणतात. मी आता हसून म्हणते, सेवा करीनच, बिल देऊन तेवढीच देणगीची पावती घेईन. सहसा विषय तिथे संपतो.

आणि एक काम असं, ज्याबद्दल कुणी कधी आगाऊ बोलत नाही. सकाळी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन येतो: "ताई, बाबांचा फोटो आहे का तुमच्याकडे? त्या ज्येष्ठांच्या सत्काराला काढलेला?" घरात बाबांचे मोबाइलमध्ये शेकडो फोटो असतात, पण कशात नातू पुढे आलेला, कशात डोळे मिटलेले, कशात लग्नाच्या गर्दीत अर्धा खांदा. पेपरातल्या निधनवार्तेला आणि दशक्रियेच्या निरोपाला एकट्याचा, समोर बघणारा, स्वच्छ फोटो लागतो. तो माझ्याकडे असतो, कारण शाल-श्रीफळ झाल्यावर मी प्रत्येकाला क्षणभर थांबवून म्हणते, "आता एक तुमचा एकट्याचा." आता हे ठरवूनच करते. जुने कार्यक्रम हार्ड डिस्कवर वर्ष आणि महिन्याप्रमाणे लावून ठेवलेत, म्हणून अर्ध्या तासात पाठवता येतो. त्याचे पैसे घेत नाही.

तर काका, तुमच्या घरी पंचवीस-तीस माणसांची साठीशांत असेल तर मला खरंच बोलावू नका. भाच्याला उभं करा, तो छान काढेल. फक्त त्याला सांगा, माणसांना खिडकीकडे पाठ करून उभं करू नकोस, आणि केक कापायच्या आधी टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या उचल. व्यासपीठ, बॅनर आणि दोन माजी अध्यक्ष असतील, तर मात्र फोन करा. जुलैच्या तारखा मेमध्येच भरतात.