पट्टीवर एकच रेघ

लेक सहा वर्षांची. आदल्या रात्रीपासून १०२ ताप आणि घसा इतका दुखत होता की थुंकी गिळतानाही तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांकडे निघताना माझ्या मनात एकच होतं, अँटिबायोटिक लिहून आणायचं.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "खोकला आहे? नाक गळतंय? आवाज बसलाय?" तिन्हींना नाही म्हटल्यावरच त्यांनी स्ट्रेपच्या, म्हणजे घसा धरणाऱ्या एका जिवाणूच्या, टेस्टचं किट काढलं. काही मुलांच्या घशात हे जंतू एरवीही नुसते मुक्कामाला असतात. साध्या सर्दीत टेस्ट केली तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि विनाकारण औषध सुरू होतं, हे मला तेव्हा कळलं.

लेकीला मांडीवर घेऊन मी तिचं कपाळ धरलं. काडी दोन्ही टॉन्सिलवरून आणि घशाच्या मागच्या बाजूवरून फिरली, तिला उमासा आला, झालं. मग काडी औषधाच्या थेंबांत घोळवली आणि त्यात पट्टी बुडवली. दहाएक मिनिटं मी त्या पट्टीवरची नजर हलवली नाही. 'सी'पाशी, म्हणजे टेस्ट नीट झाल्याच्या खुणेपाशी, रेघ उमटली; 'टी'पाशी, म्हणजे स्ट्रेपच्या खुणेपाशी, काहीच नाही.

निगेटिव्ह! खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण रिकाम्या हाताने परत जायचं म्हणून मी हिरमुसले. ही टेस्ट पॉझिटिव्ह आली तर बहुतेक खरीच असते, निगेटिव्ह मात्र अधूनमधून चुकते. म्हणून मुलांच्या बाबतीत घशाचं कल्चरही, म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायला, पाठवतात. त्याला दोन दिवस लागणार होते. "तेवढ्यात काही वाढलं तर?" मी विचारलं. स्ट्रेपची खरी भीती र्‍हुमॅटिक फीव्हरची, त्याने हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. पण लक्षणं दिसल्यापासून ९ दिवसांच्या आत अँटिबायोटिक सुरू झालं तरी तो टळतो, असं डॉक्टरांनी समजावलं. त्या एका वाक्यावर मी दोन रात्री काढल्या. कपाटात मागच्या वेळची अर्धी बाटली होती. दुसऱ्या रात्री ती हातात घेतली होती, मग सिंकमध्ये ओतून टाकली. कल्चरही निगेटिव्ह आलं, तोवर ताप उतरलाही होता.

काही महिन्यांनी धाकट्याला खोकला आणि ताप. तो दोन वर्षांचा. या वेळी मीच म्हटलं, "ती पट्टीची टेस्ट करा ना." डॉक्टर नको म्हणाल्या, तीन वर्षांखाली स्ट्रेपचा घसा क्वचितच असतो. त्यांनी त्याचा शर्ट वर केला आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. ३६. या वयात ४० किंवा त्याहून जास्त असतील तर न्यूमोनियाची शंका घेतात. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सीआरपी, म्हणजे संसर्गात रक्तात वाढणारं एक प्रथिन, बघता आला असता, पण ताप त्याच सकाळी आलेला आणि सीआरपी चढायला काही तास जातात. आज कमी दिसला तरी त्यावर विसंबता येणार नाही, म्हणून दुसऱ्या संध्याकाळी बोलावलं. तेव्हा सीआरपीचा आकडा कमी होता, छातीही स्वच्छ होती. अँटिबायोटिक दिलं नाही. बरगड्या आत ओढल्या जातायत का, पितोय का, मलूल पडतोय का, एवढं बघायला सांगितलं.

त्या रात्री तो झोपल्यावर मी मोबाईलवर एक मिनिट लावलं आणि त्याच्या पोटाकडे बघत मोजलं. ३२ भरले. दिवा मालवला.