रिलेत खरी टीम दिसते

अ‍ॅथलेटिक्समध्ये महिलांची टीम चॅम्पियनशिप म्हटलं की लोक पहिलं विचारतात, धावतात तर एकट्याच, मग टीम कसली? अहो, प्रत्येक इव्हेंटचे पॉइंट टीमच्या खात्यात जमतात, म्हणजे गोळाफेकीतल्या चौथीलाही भाव असतो, पण माझ्यासारख्याचा जीव अडकतो तो रिलेत.

४ बाय १०० मध्ये, म्हणजे चौघी शंभर-शंभर मीटर पळतात त्यात, बॅटन (हातातून हातात द्यायची नळी) द्यायला झोन फक्त ३० मीटरचा, पुढची पोरगी मागे न बघताच सुटते आणि हात मागे करते, नुसता भरवसा! बॅटन पडलं तर जिच्या हातून पडलं तिनेच उचलायचं. सगळ्या फास्ट पोरी गोळा केल्या म्हणून रिले जिंकत नाही, हे आपल्याकडे निवडणाऱ्यांना कधी कळणार देव जाणे.

४ बाय ४०० मध्ये मात्र आपल्या बायकांनी २००२ ते २०१८ सलग पाच एशियन गेम्सचं गोल्ड आणलं, २०१८ ला जकार्तात धावल्या हिमा दास, पूवम्मा, सरिता गायकवाड, विस्मया. क्रिकेटवाल्यांना हे सांगून बघा, तोंडाकडे बघतात!

२०२३ च्या गोव्यातल्या नॅशनल गेम्समुळे गोमेकॉजवळच्या (गोवा मेडिकल कॉलेज) बांबोळी स्टेडियमवर गोंयकारांनाही अ‍ॅथलेटिक्स मिळालं. महाराष्ट्र सगळ्या खेळांत मिळून २२८ मेडलं घेऊन पहिला, ते ठीक, पण फुटबॉलच्या या गावात शाळेच्या पोरींना बॅटन कोण देतंय?