काळ्या मातीतली ई-सायकल आणि पाण्याचा जोर

चाळीसगावात माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या सबमर्सिबल, मोनोब्लॉक, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, कधीमधी कूलरचे पंप. संध्याकाळी शटर ओढलं की सायकल काढतो. जाड टायरची, पुढे सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, मागच्या चाकात मोटर आणि मधल्या दांडीत बॅटरी. ती दिवसभर दुकानासमोर उभी असते, त्यामुळे गिऱ्हाईक स्वतःच्या मोटरीआधी तिचीच चौकशी करतं. "हाई सायकल शे का फटफटी?" हा पहिला प्रश्न. दुसरा लायसन्सचा. 250 वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत वेग असला की लायसन्स लागत नाही आणि पासिंगही लागत नाही, हे सांगून सांगून तोंडपाठ झालंय.

पावसाळा लागला की प्रश्न बदलतो. सायकल चिखलाने माखलेली दिसते आणि मी फडकं घेऊन बसलेला दिसतो. मग एखादा म्हणतोच, "आमनी बोअरनी मोटर बारा महिना पानीमा ऱ्हास, तिले काही व्हत नही. तुनी सायकलना इतला लाड कसाले?"

प्रश्न बिनतोड आहे. त्याचं उत्तर नीट दिलं की ई-सायकल कशी धुवायची तेही त्यातच येतं.

बोअरची मोटर पाण्यात टिकते, कारण ती पाण्यासाठीच बांधलेली असते. आपल्याकडच्या बहुतेक सबमर्सिबलच्या आत आधीच स्वच्छ पाणी भरून मग त्या खाली सोडतात. तिच्या वायंडिंगच्या तारेवर प्लॅस्टिकचं जाड वेष्टण असतं. सायकलच्या मोटरीत साधी इनॅमलची तार असते, आणि सोबत हॉल सेन्सरची बारीक पट्टी. रोटर म्हणजे फिरणारा भाग कुठे आहे हे कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या डबीला, ती पट्टी सांगते. पाणी आत गेलं तर तार लगेच जळत नाही. आधी ती पट्टी रुसते, मोटर झटके मारते, मग बेअरिंग घरघरायला लागतात. त्यातही बॅटरी डीसी. ओल्या पिनांवर डीसी व्होल्टेज राहिलं की पितळ-तांबं हिरवं पडायला वेळ लागत नाही. काम इलेक्ट्रोप्लेटिंगच्या टाकीसारखंच, फक्त आपल्याला नको तिथे चाललेलं. म्हणून धुण्याआधीचं पहिलं काम म्हणजे स्विच बंद करणं. डिस्प्ले विझला म्हणजे झालं असं समजू नका. बॅटरीवर वेगळी चावी किंवा बटण असेल तर तेही बंद करा.

बॅटरी काढायची की ठेवायची, यावर एकमत नाही. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत काढा म्हणून लिहिलेलं असतं. काही मेकॅनिक म्हणतात जागेवरच ठेवा, तिच्यामुळे पिना झाकलेल्या राहतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण प्रत्येक फ्रेमची खोबणी वेगळी. तुमच्या पुस्तिकेत जे असेल ते करा. मी काढतो, ओल्या फडक्याने पुसून घरात ठेवतो आणि रिकाम्या खोबणीत दुधाची पिशवी कोंबून वरून चिकटपट्टी मारतो. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण मात्र दोन्ही पद्धतींत घट्ट बसलेलंच पाहिजे. त्या झाकणाच्या कडेला मातीचा एक कण अडकला तरी ते पूर्ण बसत नाही. अंगठ्याने दाबून, नखाने कडा चाचपून बघायची.

आता पाण्याचा जोर. खरी गोम इथे आहे.

आमच्या धंद्यात पाण्याचा दाब हेडमध्ये, म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजतात. 10 मीटर हेड म्हणजे साधारण 1 बार (बार हे दाबाचं माप). गच्चीवरची टाकी अंगणातल्या नळापासून पाच-सहा मीटर उंच असेल, तर नळाला अर्ध्या बारच्या आसपास दाब मिळतो. त्या पाण्याने सायकल धुवा, काही होणार नाही. पावसात चालते तशीच ती इथेही टिकते. पण शेतातल्या बोअरचा पाइप थेट सायकलवर धरला, तर मोटर किती मीटर हेडची आहे यावर दाब ठरतो, आणि 100 मीटर हेडची मोटर तोंड आवळलेल्या पाइपात 10 बारपर्यंत जाऊ शकते. वॉशिंग सेंटरची गन तर 100 बारच्या घरात. बेअरिंगवरचं रबरी सील हे धूळ आणि पावसाचे शिंतोडे अडवायला असतं. त्या गनपुढे त्याची ओठासारखी कड उघडते, पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि गन बाजूला झाली की कड परत मिटते. पाणी आतच राहतं. बाहेरून सायकल आरशासारखी चकाकते. महिना-दोन महिन्यांनी चाक हातात धरून हलवलं की कडकड लागते.

यावर लोक मला सायकलच्या जाहिरातीतला, पाणी कितपत अडतं ते सांगणारा आकडा दाखवतात: आयपीएक्स 4, आयपीएक्स 5, कुणाची आयपीएक्स 7. आयपीएक्स 4 म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे चालतील. आयपीएक्स 5 च्या चाचणीत 6.3 मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला 12.5 लीटर पाणी मारतात, तेही अडीच-तीन मीटर लांबून. वॉशिंगवाला पोऱ्या गन वीतभर अंतरावर धरतो, त्याचा या चाचणीशी काही संबंध नाही. आणि आयपीएक्स 7 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं. ऐकायला भारी वाटतं, पण 1 मीटर पाण्याचा दाब म्हणजे 0.1 बार. पाण्यात बुडून टिकलेली वस्तू धारेपुढेही टिकेल याची त्या आकड्यात हमी नसते. बोअरच्या मोटरीचा दाखला देणाऱ्या काकांना हे मी डब्यातल्या पाण्यात बोट बुडवून आणि मग पाइपाचं तोंड दाबून दाखवलं, तेव्हा पटलं.

वॉशिंग सेंटरची दुसरी भानगड म्हणजे डिझेल. मोटरसायकल धुतल्यावर चमक यावी म्हणून शेवटी डिझेलचा फवारा मारायची पद्धत आपल्याकडे सगळीकडे आहे. सायकलच्या डिस्क ब्रेकवर तो फवारा बसला की ब्रेक पॅड तेल पितात, आणि एकदा प्यालेले पॅड बहुधा बदलावेच लागतात. पाटणादेवीहून परतताना उतारावर पंचवीस किलोची सायकल आणि तिच्यावर आपण, अशा वेळी लिव्हर दाबला आणि नुसता कर्कश आवाज आला, तर काय होईल याचा विचार करा.

आता चिखल. चिखल-चिखलात फरक असतो, आणि आमच्या तालुक्यात दोन्ही जातीचे मिळतात. डोंगराकडे जाल तसा मुरूम. मुरमाचा चिखल पाण्याने पटकन सुटतो, पण त्यात खरखरीत कण असतात. वाळल्यावर त्यावर कोरडं फडकं फिरवलं तर रंगावर आणि सस्पेन्शनच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे उमटतात. त्यावर आधी भरपूर पाणी सोडायचं, हात नंतर लावायचा. कपाशीच्या शिवारातली काळी माती उलट्या स्वभावाची. ती बेसाल्टची झीज होऊन झालेली, फुगणाऱ्या चिकणमातीची. पाणी पिऊन ती फुगते आणि आणखी चिकटते. ओल्या काळ्या चिखलावर पाणी मारत बसलं तर तो पसरतो, चेनमध्ये, गिअर बदलणाऱ्या डिरेलरच्या पुल्यांमध्ये, मोटरच्या वायरीच्या तोंडाशी जाऊन बसतो. पूर्ण वाळू दिला तर दगड होतो आणि ओढून काढताना केबलचं वेष्टण सोबत घेऊन येतो.

शेतकऱ्याला जमीन वाफशावर आलेली कळते तशी ही मातीही कळते. घरी आल्यावर सायकल सावलीत उभी करायची, चहा-पाणी उरकायचं. तासा-दीड तासात वरचा थर मातकट पांढुरका होतो, बोटाने दाबला तर ठसा उठतो पण बोटाला चिकटत नाही. तेव्हा बांबूची चपटी कामटी घ्यायची आणि फोर्कच्या कमानीखालून, मागच्या टायर आणि फ्रेमच्या फटीतून, पेडलच्या दांड्यामागून माती ढलप्या-ढलप्यांनी उतरवायची. स्क्रू-ड्रायव्हर किंवा खुरपं नको. मोठा ढीग जमिनीवर पडतो, आणि सायकल अजून ओली झालेली नसते. माझ्या मते निम्मं धुणं इथेच होतं.

थांबण्याचा दुसरा फायदा म्हणजे मोटर निवते. चढ चढून आलेली हबमोटर (चाकातली मोटर) हाताला चटका देईल इतकी तापलेली असते. तिच्यावर गार पाणी ओतलं की आतली हवा आकसते आणि सील, वायरीचं भोक, जिथून मिळेल तिथून बाहेरचं ओढून घेते. बाहेर पाणी असेल तर पाणीच ओढणार. मोटरला हात लावून बघा, कोमट लागली तरी आणखी थोडं थांबा.

मग सायकल उभीच ठेवून धुवायची. पुष्कळ जण ती उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करतात. पंक्चर काढायला ते ठीक. पाण्याच्या वेळी डिस्प्ले, थ्रॉटल आणि ब्रेक लिव्हरमधले कट-ऑफ स्विच (ब्रेक दाबला की मोटर बंद करणारे) सगळ्यात खाली येतात आणि निथळणारं सगळं पाणी तिथे जमतं. "मोटर जळाली" म्हणून माझ्याकडे येणाऱ्या ई-सायकलींमध्ये बऱ्याचदा मोटर ठणठणीत असते. लिव्हरमधला स्विच ओला होऊन चिकटलेला असतो आणि कंट्रोलरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे. लिव्हरमधल्या स्विचच्या वायरीची पिन काढून ठेवली की गाडी चालू! गिऱ्हाईक मात्र माझ्याकडे संशयाने बघतं, कारण एवढ्याशा कामाचे पैसे कसले.

मागच्या चाकातल्या मोटरची वायर ॲक्सलमधून बाहेर येते. ती थेट वर जात असेल, तर वायरीवरून ओघळलेलं पाणी सरळ भोकात उतरतं. आधी खाली झोळ देऊन मग फ्रेमला बांधली की थेंब झोळाच्या टोकावरून गळून पडतो. दोन रुपयांच्या केबल टायचं काम आहे. मावसभावाच्या सायकलीची मोटर पेडलपाशी आहे. तिथे हा प्रश्न नाही, पण मोटरच्या खालच्या झाकणाआड मातीचा पेंड साचतो, तो आठवणीने काढावा लागतो.

धुण्याचं सामान साधं: दोन बादल्या, एक स्पंज, एक मऊ ब्रश, जुना टूथब्रश आणि शाम्पूची पुडी. कपड्यांची पावडर वापरू नका, ती अल्कलीची असते आणि ॲल्युमिनियमचा रंग मारते. एक बादली साबणाची, दुसरी स्पंज खळखळायची. मगने वरून खाली पाणी सोडायचं. हब, हेडसेट (हँडलखालचं बेअरिंग), पेडलचं बेअरिंग आणि डिस्प्ले इथे धार धरायची नाही, ओला स्पंज फिरवायचा. आमच्या गल्लीतलं बोअरचं पाणी इतकं जड आहे की वाळल्यावर काळ्या फ्रेमवर पांढरे ठिपके उमटतात. म्हणून शेवटचं पाणी मी पत्र्याच्या पन्हाळीखाली ठेवलेल्या बादलीतलं घेतो.

चेनला हात लावण्याआधी मागच्या डिस्कवर प्लॅस्टिकची पिशवी चढवायची. वाटीभर डिझेल, टूथब्रश, मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं. (होय, डिझेलच. फवाऱ्याला माझा विरोध आहे, वाटीला नाही.) वाळल्यावर प्रत्येक कडीच्या रोलरवर चेन ऑइलचा एकेक थेंब, पेडल उलटं फिरवायचं आणि बाहेरचं तेल पुसून टाकायचं. शिलाई मशीनचं तेल चालतं, पण पातळ असल्याने पावसात लवकर धुऊन जातं. डिस्कला चुकून बोट लागलंच तर मोबाइल रिपेअरिंगवाल्याकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. हाताचं सॅनिटायझर नको, त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि त्याचा पापुद्रा डिस्कवर राहतो.

वाळवताना पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर फार जवळून मारू नका. हवेचा दाबही पाण्याला आत ढकलतो. वायंडिंग वाळवायला माझ्या दुकानात बल्बची पेटी आहे. एकाने हौसेने त्यात बॅटरी ठेवू का विचारलं, त्याला मी दुकानाबाहेर काढायचाच बाकी ठेवला होता. लिथियमच्या बॅटरीला उष्णता नको आणि आपलं ऊनही नको. फडक्याने पुसा, पंख्याखाली ठेवा. पिनांवर सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा आणि चार्जिंग दुसऱ्या दिवशी सकाळी लावा.

राहिला बुडालेल्या सायकलचा विषय. 2021 च्या ऑगस्टअखेरीस तितूर-डोंगरी नद्यांना पूर आला, तेव्हा गाळ भरलेल्या मोटरी दुकानात रांगेने आल्या. गाळ ओल धरून ठेवतो, म्हणून त्या आधी स्वच्छ पाण्याने धुवाव्या लागतात, मग वाळवाव्या लागतात. सायकलची हबमोटर नाल्यात बुडाली तर तिच्याबाबतीतही हेच: चालू करून बघायचा मोह टाळा, चाक काढा, उघडून स्वच्छ करून घ्या. बॅटरीला हा नियम नाही. बुडालेली बॅटरी धुवायची नाही, उघडायची नाही, चार्जला तर अजिबात लावायची नाही. घराबाहेर, जळणारी वस्तू जवळ नसेल अशा जागी ठेवायची आणि विक्रेत्याला फोन करायचा. वरून कोरडी दिसली तरी आत पाणी असू शकतं, आणि अशी बॅटरी नंतर कधीही पेट घेऊ शकते.

बाकी, ऑइलचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा उभा कापून फोर्कच्या कमानीखाली दोन केबल टायने बांधला, की तोंडावर आणि हेडसेटवर उडणारा चिखल बराच कमी होतो. दिसायला गबाळं दिसतं. मी लावलाय.